कोतवालाचं पाणी

करमाड
रविवार, ५ फेब्रुवारी २०१७
सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे

ताई,

मोटारीच्या खोलीपुढच्या कडुलिंबाला कोतवालला बांधलं, साखळीचा आकडा दोनदा ओढून पाहिला आणि मग मांडीवर फळी घेऊन लिहायला बसलो. तो पुढच्या पायांवर हनुवटी टेकून माझ्याकडं बघतो आहे. आपलं काय चुकलं ते विचारतो आहे असं वाटतं, म्हणून मी त्याच्याकडं पाठ केली आहे.

फोन न करता पत्र का, असं तुला वाटेल. तू गेलीस त्या आठवड्यात दादांनी मला आईच्या फोटोपुढं उभं केलं, 'बापाचं ऐकायचं' म्हणाले आणि तुला फोन करणार नाही अशी शपथ घ्यायला लावली. शपथ मी पाळतो आहे. पत्राचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं. तुझा नाशिकचा पत्ता तुझ्या मैत्रिणीनं, स्वरालीनं दिला. उत्तर लिहिलंस तर माझ्या नावावर पाठवू नको. द्वारकाबाईच्या नावावर पाठव, पत्ता पाकिटाच्या मागं लिहिला आहे. ती शेजारच्या तुकड्यात राहते आणि आमच्याकडं खुरपायला येते. तिला वाचता येत नाही, त्यामुळं ती पत्र फोडून वाचेल ही काळजी नाही.

चिकलठाण्याच्या मागची आपली वस्ती उठली. दिवाळीनंतर घरमालकानं खोल्या पाडल्या, तिथं आता चार मजली इमारत चढते आहे. आणि ताई, हसू नको, आम्ही निघालो त्याच महिन्यात तिथं पाइपलाइन आली. तू ज्या कोपऱ्यावर टँकरची वाट बघत ड्रम लावून बसायचीस, बरोबर त्याच कोपऱ्यावर नळ बसवला आहे. मी मुद्दाम जाऊन तो सोडून पाहिला. पाणी आलं. लगेच बंद केला.

आता दादा आणि मी करमाडला व्यंकटरावांच्या मोसंबीवर राखण करतो. व्यंकटराव गुलमंडीवर राहतात, कोर्टातली नोकरी संपल्यावर त्यांनी ही तीन एकर घेतली. दुष्काळात त्यांची अर्धी झाडं वाळली, तेव्हा त्यांनी शेततळं खोदलं. गेल्या सप्टेंबरच्या पावसानं ते काठोकाठ भरलं. आतून सगळं काळं प्लास्टिक आहे, चारी भिंती उतरत्या, आणि शेवाळ धरल्यामुळं साबणासारख्या गुळगुळीत. आत पडलेलं जनावर लगेच बुडत नाही. ते पोहत काठाला येतं, पाय लावतं, घसरतं, पुन्हा येतं. दमतं तेव्हा बुडतं. व्यंकटरावांचा आधीचा कुत्रा असाच गेला. तो त्यांनी स्वतः बाहेर काढला होता.

परवा बगळ्यामागं धावताना कोतवालचे मागचे पाय त्या प्लास्टिकवर घसरले. मी मानेला धरून ओढला. व्यंकटराव बघत होते. ते ओरडले नाहीत, त्याचीच मला जास्त भीती वाटली. म्हणाले, "सुदर्शन, पाडव्यापर्यंत हा कुत्रा पाण्यात पडून आपला आपण बाहेर येताना मला दिसला पाहिजे. नाहीतर मी याची दुसरीकडं सोय करतो. पुन्हा एक मेलेला कुत्रा काढायचं काळीज माझ्याकडं नाही." मग म्हणाले, "बाप लॅब्राडोर आहे म्हणतोस ना? अर्धं रक्त तरी पाण्याचं आहे. सोपं जाईल."

सोपं जात नाही, आणि त्याचं कारण तू आहेस. राग मानू नको, मी नुसतं जे आहे ते लिहितो. टँकर चौथ्या-पाचव्या दिवशी यायचा, लोक एकमेकांच्या ड्रममधलं पाणी काढायचे, कुलूप लावलं तर झाकण कापायचे. म्हणून हा पिल्लू असताना तू त्याला ड्रमपाशी बसवलंस. ड्रमला कोणी हात लावायचा नाही आणि त्यानंही तोंड लावायचं नाही. तो इतका तयार झाला की दादांनी विचारल्याशिवाय तांब्या बुडवला तर त्यांच्यावरही गुरगुरायचा. म्हणून तर तू त्याचं नाव कोतवाल ठेवलंस.

ताई, तो अजून ड्रम राखतो आहे. ड्रम फक्त चार गुंठ्यांचा झाला आहे. काठावर पाण्याकडं पाठ करून बसतो. द्वारकाबाई घागर घेऊन आली की आडवा उभा राहतो. स्वतः एक थेंब चाटत नाही. तू गेल्यावर तो चार दिवस प्यायलाच नव्हता. आता भांड्यातलं पितो, पण आधी आमच्या तोंडाकडं बघतो.

साखळीला बांधून ठेवला तर जेवत नाही. दादा म्हणाले, "द्यायचा आसंल तर देऊन टाकू द्या, आपलं काय जातं." हे बोलताना ते दुसरीकडं बघत होते. तुझ्या साड्या त्यांनी मामीला देऊन टाकल्या, तुझं नाव ते घेत नाहीत, 'ती' म्हणतात. तुझं म्हणावं असं आमच्यात एवढा कुत्राच राहिला आहे. म्हणून विचारतो, तू त्याला काय सांगून ठेवलं आहेस? पाणी घ्यायला हरकत नाही हे तू त्याला कसं कळवायचीस? आठवून लिही.

तू ज्यांच्याबरोबर गेलीस त्या चिन्मय यांना काय म्हणून नमस्कार लिहावा ते ठरलं नाही, म्हणून ती जागा सोडतो.

तुझा
सुदर्शन


करमाड
रविवार, १९ फेब्रुवारी २०१७
दुपारी साडेतीन, मोसंबीला पाणी सोडून

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. पत्ता चुकला असेल म्हणून मी स्वरालीकडून पुन्हा पडताळून घेतला. चुकला नव्हता. तुला लिहायचं नसेल तर नको लिहू, पण पत्र मिळालं एवढं तरी कळव.

इथं काय काय करून पाहिलं ते सांगतो. व्यंकटराव म्हणाले, काठी पाण्यात टाक, लॅब्राडोर काठी आणतो. मी टाकली. कोतवाल काठीवर भुंकला, काठी वाऱ्यानं काठाला लागेपर्यंत भुंकत राहिला, आणि लागल्यावर ती तोंडात धरून दूर मोसंबीच्या आळ्यात नेऊन टाकली. पुन्हा येऊ नये म्हणून. ग्लुकोजची बिस्किटं टाकली. ती पाण्यात विरघळताना बघून तो रडल्यासारखा आवाज काढत होता, पण पाय पुढं टाकला नाही.

मग वाटलं, तळं एकदम मोठं आहे, थोड्यापासून सुरुवात करावी. जनावरांचं घमेलं पाण्यानं भरून अंगणात ठेवलं. अर्ध्या तासात त्यानं ते ताब्यात घेतलं. द्वारकाबाई खुरपून आली, हात धुवायला वाकली, तर हा मधे.

"आरं, हात धुऊ दे की!" ती म्हणाली.

कोतवाल हलला नाही.

"अर्ज द्यावा लागंल का तुला? का नंबर लावू?" मग माझ्याकडं वळून म्हणाली, "ह्यो कुत्रा नाय रं सुदर्शन, ह्यो पाणीपुरवठ्याचा सायब हाय. ह्याला पोहायला नको शिकवू, ह्याला निवृत्त कर."

मला हसू आलं, पण ती बोलली त्यात खोटं काही नाही. त्याला पाण्याची भीती नाही, मी नीट पाहिलं आहे. भ्यालेला कुत्रा शेपूट पोटाशी घेतो, हा तर छाती काढून बसतो. पाणी हे आपल्याला दिलेलं काम आहे, आपल्यासाठी दिलेली वस्तू नाही, असं तो समजतो. त्याला तसं समजावणारी तू नाशिकला आहेस आणि उलटं समजावणारा कोणी इथं नाही.

मी एक गोष्ट चांगली केली आहे. खताची रिकामी पोती उसवून, एकाला एक जोडून, सुतळीनं दोन-दोन पदरी शिवली. त्याची लांब पट्टी करून वर लोखंडी पहारीला बांधली आणि तळ्यात सोडली. सर्वांत खालच्या पोत्यात माती भरली म्हणजे पट्टी तरंगणार नाही. पोत्यावर पाय घसरत नाही. कोणीही पडलं तर तिथून वर येऊ शकेल. ती किती धरते ते मी काल पायानं चाचपून पाहिलं. चांगली धरते.

अक्षर आज हललेलं दिसेल. थंडी आहे.

चिन्मय यांच्याबद्दल मी आजवर काही विचारलं नव्हतं, पण एक कोडं मला सुटत नाही. ते टँकरच्या खेपा लिहायला यायचे तेव्हा आपल्या ड्रमपाशी उभे राहायचे, झाकणावर वही ठेवून लिहायचे. कोतवाल सगळ्या वस्तीवर भुंकायचा, त्यांच्यावर कधी भुंकला नाही. हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं. दादांच्या अजून आलेलं नाही. का भुंकत नव्हता?

सुदर्शन


करमाड
बुधवार, ८ मार्च २०१७
सकाळी नऊ, दादा डबे आणायला गेले आहेत

ताई,

तुझं पत्र आलं. कसं आलं ते आधी सांगतो.

काल दुपारी दादा आणि मी तळ्याच्या या कोपऱ्यावर ठिबकच्या नळ्या गुंडाळत होतो. बांधावरून द्वारकाबाई पळत आली. पळताना तिच्या हातात पाकीट होतं आणि ती पार शेंद्र्यापर्यंत ऐकू जाईल अशी ओरडत होती, "सुदर्शन! आरं ये सुदर्शन! तुह्या बहिणीचं पत्र आलंय, माह्या नावानं!"

तिला मी सांगितलं होतं की पत्र येईल. गुपचूप दे, हे सांगायचं राहिलं. सांगावं लागेल असं वाटलं नव्हतं.

दादांनी नळी खाली ठेवली. "शपथ घेतली व्हती ना आईपुढं?"

"फोनची घेतली होती, दादा."

त्यांनी हात धोतराला पुसले. मग म्हणाले, "लई कायदा शिकलास." द्वारकाबाईला काहीतरी चुकल्याचं कळलं. ती पाकीट माझ्या हातात देऊन, "माय गं, चुलीवर कालवण हाय," म्हणत निघून गेली. तिची चूल दुपारी पेटत नाही.

ताई, मागच्या पत्रात मी थंडी लिहिली ती थंडी नव्हती. आदल्या दिवशी मी तळ्यात पडलो होतो. पोत्याची पट्टी किती धरते ते पायानं चाचपत होतो, ती नीट धरत होती, पण माझा दुसरा पाय प्लास्टिकवर होता. मला पोहता येत नाही हे तुला माहीत आहे. कोतवाल मला वाचवायला आला नाही. तो काठावर उभा राहून, ड्रम चोरणारा सापडल्यासारखा माझ्यावर भुंकत होता. इतका भुंकला की दादा गोठ्याकडून पळत आले आणि त्यांनी दोर टाकला. बाहेर काढल्यावर त्यांनी आधी मला उलटं करून पाठीवर थापट्या मारल्या आणि मग ओरडले, "सोताला पोहता येत नाय अन् कुत्र्याला शिकवायला निघाला! कुणी नेमला तुला मास्तर?" त्या दिवसापासून ते रोज सकाळी पोत्याच्या पट्टीची गाठ बघायला येतात. मी दोनदा बघतो हे माहीत असूनही.

तर तुझं पत्र हातात घेऊन मी उभा होतो. दादा बांधावर बसले, तंबाखू मळायला घेतली आणि म्हणाले, "वाच."

"मोठ्यानं?"

"मला काय पाकिटातनं ऐकू येणारे?"

मी वाचलं. तू लिहिलं आहेस की ड्रमचं झाकण उघडून तू आधी स्वतः एक घोट घ्यायचीस, मग ओंजळ भरून त्याच्या तोंडापुढं धरायचीस आणि म्हणायचीस, 'घे, आपलंच हाय.' त्याशिवाय तो प्यायचा नाही. ओंजळीतनं सांडलेलं पाणी तो जमिनीवरूनही चाटायचा नाही, तुझ्या तोंडाकडं बघायचा. हे मी वाचलं तेव्हा दादांनी तंबाखू मळायची थांबवली होती.

पुढं एक ओळ मी सोडून दिली आणि खालच्या परिच्छेदावर गेलो.

"मधली खाल्लीस," दादा म्हणाले.

"हो."

"वाच."

म्हणून मी तीही वाचली. 'चिन्मयवर कोतवाल का भुंकत नव्हता म्हणून विचारतोस, तर पहिल्याच आठवड्यात मी त्याला सांगितलं होतं, आधी तू घोट घे आणि मग ओंजळीनं कुत्र्याला पाज.'

वाचून झाल्यावर मी मान वर केली नाही. मला वाटलं आता पत्र हातातून ओढून घेतील. दादांचा आवाज आला. "म्हंजे आख्खी वस्ती जागी अन् कोतवालच फितूर." मी बघितलं तर ते खाली मान घालून हसत होते. आवाज न करता, पण खांदे हलत होते. दीड-दोन वर्षांत मी त्यांना असं पाहिलं नव्हतं. कोतवालला आपलं नाव ऐकू आलं म्हणून तो साखळीपुरता पुढं आला आणि शेपूट हलवू लागला. "हलव, हलव," दादा त्याला म्हणाले. "लाज नाय तुला."

शेवटची ओळ होती, दादांची कंबर कशी आहे. ती ऐकून ते उठले, धोतर झटकलं. "बरी हाय म्हणून लिही."

बरी नाही. पण त्यांनी सांगितलं म्हणून लिहिलं, आणि खरं काय तेही लिहिलं.

जाताना वळून म्हणाले, "आमच्या टायमाला तुह्यायेवढं पोरगं पोहता येत नाय म्हणलं तर सोयरीक जमत नव्हती. तुमी दुष्काळातली लेकरं, विहिरीचा तळ बघितला, पाणी नाय बघितलं. रिकामे डबे बघतो कुणाकडं भेटत्यात का. डबा बांधल्याबिगर पोरगंबी पाण्यात नाय अन् कुत्रंबी नाय."

आता त्याच डब्यांसाठी ते द्वारकाबाईकडं गेले आहेत. ओंजळीचं मी त्यांच्यावर सोपवलं आहे. माझा हात पाण्याजवळ स्थिर राहत नाही, कुत्र्याला ते लगेच कळतं.

सुदर्शन


करमाड
रविवार, २६ मार्च २०१७
सकाळी अकरा, कपडे वाळत घालून

ताई,

परवा पाडवा. कोतवाल इथंच राहणार. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तू सावकाश वाचशील.

दादांनी तेलाचे पाच लिटरवाले चार डबे आणले, बुचं घट्ट लावून वरून मेण ओतलं. दोन माझ्या पाठीला बांधले आणि दोन कोतवालच्या कुशीला, पोटाखालून जुन्या धोतराचा पट्टा घेऊन. आम्ही दोघं काठावर उभे राहिलो तेव्हा द्वारकाबाई बांधावर बसून म्हणाली, "येकाच दुकानातले दिसता गं बाई."

दादा धोतर खोचून पोत्याच्या पट्टीवरून कमरेइतक्या पाण्यात उतरले. कोतवाल लगेच भुंकायला लागला. दादांनी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही. ओंजळ भरली, आधी आपण घोट घेतला. ते तळ्याचं पाणी आहे, हिरवं. त्यांनी तोंड वाकडं केलं नाही. मग दोन पावलं वर येऊन ओंजळ त्याच्यापुढं धरली आणि म्हणाले, "घे. आपलंच हाय."

कोतवालनं भुंकणं थांबवलं. पाणी प्यायला नाही. ओंजळीकडं बघितलं, दादांकडं बघितलं आणि मग इकडं-तिकडं बघायला लागला, हे शब्द बोलणारं माणूस कुठं आहे ते शोधत असल्यासारखा. दादा तसेच वाकून उभे राहिले. ओंजळ गळून रिकामी झाली. त्यांनी पुन्हा भरली.

त्या दिवशी तो प्यायला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. मी दादांना म्हटलं, तुमचा आवाज जाड पडतो, जरा ताईसारखं म्हणा. ते म्हणाले, "म्हणजे कसं?" मी म्हणून दाखवलं. त्यांनी मला दोन शिव्या दिल्या. पण पुढच्या सकाळी मी मोटारीच्या खोलीत असताना ऐकलं, ते तळ्यापाशी एकटेच, हळू आवाजात, तुझ्यासारखं म्हणून बघत होते.

मग तो प्यायला. एकदा प्यायल्यावर दादा रोज ओंजळ थोडी खाली धरायला लागले. आधी छातीशी, मग गुडघ्याशी, मग पाण्याच्या वर टेकवून. एका सकाळी ओंजळ पाण्याच्या आतच होती. कोतवालनं नाक पुढं केलं तर ओंजळीतलं पाणी कुठलं आणि तळ्यातलं कुठलं हे त्याला सांगता येईना. तो थांबला. दादांच्या तोंडाकडं बघितलं. "आपलंच हाय की रं," दादा म्हणाले, "सगळंच." त्यानं तळ्यात तोंड घातलं आणि प्यायला. इतका प्यायला की मी घाबरलो, पोट फुगेल म्हणून. पुढचे दोन पाय केव्हाच पाण्यात गेले होते, त्याच्याही लक्षात आलं नव्हतं.

त्यानंतर पोहणं अवघड गेलं नाही. दादा ओंजळ धरून मागं सरकायचे, तो पुढं यायचा. पोत्याची पट्टी संपली आणि पायाखाली काही राहिलं नाही तेव्हा पुढच्या पायांनी त्यानं इतकं पाणी उडवलं की दादा दिसेनासे झाले. मागचं धूड खाली जात होतं, पण डब्यांनी धरून ठेवलं. दादांनी त्याला वळवलं आणि तोंड पोत्याकडं केलं. पंजा पोत्याला लागला, धरला, वर आला. अंग झटकलं. मी शाबासकी द्यायला बिस्किट काढलं. त्यानं बिस्किटाकडं बघितलं नाही. वळला आणि स्वतःहून, कोणी न बोलावता, परत पाण्यात गेला.

ताई, त्याला आवडलं. मला वाटलं होतं शिकेल, पण आवडेल असं मी धरलंच नव्हतं. तो स्वतः उठवलेल्या लाटा चावतो. बगळा आला की त्याच्यावर भुंकत नाही, त्याच्या मागं पोहत जातो. बाहेर येऊन उन्हात पालथा पडतो आणि अंग वाळायच्या आत पुन्हा उतरतो. डबे काढले तरी आता मागचं धूड खाली जात नाही. लॅब्राडोरचं रक्त कोणत्या बाजूला आहे हे मला कधी कळलं नव्हतं, आता वाटतं शेपटीत असावं, ती त्यानं वल्ह्यासारखी धरली आहे.

आज सकाळी व्यंकटराव आले. पांढरा सदरा, पाडव्याच्या खरेदीला निघाले होते. म्हणाले, पोत्यांपाशी नको, समोरच्या काठावरून सोडा. कुत्रा घाबरला तरच खरं कळेल. मी त्याला समोर नेला. माझी बोटं पट्ट्यावरून सुटत नव्हती. दादा पोत्यांपाशी उभे होते, त्यांनी हाक मारली नाही, हातही हलवला नाही. त्यांना व्यंकटरावांनी तसं सांगितलं होतं. मी पट्टा सोडला आणि ढकललं. तो पडला, वर आला आणि आधी जवळच्या काठाला गेला. प्लास्टिकवर पंजे लावले. घसरला. पुन्हा लावले, पुन्हा घसरला. व्यंकटराव एक पाऊल पुढं आले. त्यांचा चेहरा मी पाहिला, त्यांना पुन्हा तोच कुत्रा दिसत होता. तेवढ्यात कोतवालनं काठाचा नाद सोडला. वळला आणि सरळ तळं कापत पोत्यांकडं निघाला. डोकं आणि शेपटीचं टोक तेवढं वर. पट्टी लागली, चढून आला, आणि थेट व्यंकटरावांपाशी जाऊन त्यांच्यापुढं अंग झटकलं.

ते तसेच उभे राहिले. सदऱ्यावर शेवाळ. मग चष्मा काढून पुसत दादांना म्हणाले, "बद्रीनाथ, साखळी काढून ठेवा. आता ती लागणार नाही."

मी अजून डबे बांधूनच पोहतो. दादा म्हणतात, कुत्रा आठवड्यात शिकला, तू पावसाळ्यापर्यंत शिकशील.

व्यंकटराव गेल्यावर आम्ही तिघं काठावर बसलो. दादांनी विचारलं, "मोनीला लिहिणार का आज?" नाव घेऊन. मी हो म्हटलं. ते म्हणाले, "मग लिही, पुढल्या महिन्यात आखाजीच्या सणाला लेकी घरी येत्यात. तवर तळ्यात पोहण्यापुरतं पाणी राहतंय, मंग ऊन ओढून घेतं. लवकर या म्हणावं." मग कोतवालच्या कानातलं पाणी धोतरानं टिपत, त्याच्याशी बोलल्यासारखं म्हणाले, "त्यालाबी घेऊन ये म्हणावं. कुत्र्याला वळखीचा हाय."

दाजींना नमस्कार. हा शब्द दादांना विचारून लिहिला आहे.

कोतवालच्या शिकवणीचा जमाखर्च तुला कळावा म्हणून:

खर्च. नायलॉनचा दोर एकशे चाळीस रुपये. सुतळी आणि दाभण पस्तीस. ग्लुकोज बिस्किटं साठ, त्यातली निम्मी पाण्यात गेली. पाकिटं आणि तिकिटं वीस. मेण घरचं.

देणं. द्वारकाबाईचे चार डबे. ती म्हणते परत नकोत, त्याऐवजी तिला पत्र लिहायला शिकवायचं, म्हणजे पुढच्या वेळी पाकिटावर काय आहे ते तिचं तिला कळेल. व्यंकटरावांच्या सदऱ्याची धुलाई, ते घेत नाहीत.

पाकिटात पाचशेची नवी नोट आहे. नाशिकहून दोघांच्या एस.टी.ची. दादांनी सकाळी दिली. मी विचारलं, ही खर्चात मांडू की देण्यात, तर म्हणाले, कुठंच मांडू नको. मी म्हटलं, काहीतरी लिहावं लागेल, ताई विचारेल. तर म्हणाले, "लिही, घे म्हणावं. आपलंच हाय."

सुदर्शन